तांडेलाची गाठ

बाबा, काल भाची जेवायला आली होती. तुम्ही तिला पाहिलंत तेव्हा ती रांगत होती. आता छत्तीसगडच्या नव्या राजधानीतल्या एका ऑफिसात नोकरी करते आणि रविवारी माझ्याकडे येते. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. जेवण झाल्यावर तिनं मांडीवर कॉम्प्युटर उघडला आणि म्हणाली, "आत्या, इधर आओ ना. अपने जहाज वाले पूर्वज ढूँढ रही हूँ." भांडी तशीच ठेवून मी तिच्या शेजारी बसले. किनाऱ्यावरच्या जुन्या नोंदी तिनं कुठून कुठून गोळा केल्या होत्या आणि त्यात आपलं आडनाव मुंग्यांसारखं पसरलेलं होतं. "बाप रे, इसमें तो हर दूसरा आदमी अपना ही है," ती हसत म्हणाली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "दादाजी के कागज आपके पास थे ना? पापा बोलते हैं, लाल कपड़े में बँधे थे." मी सगळ्यांना जे सांगत आले तेच तिलाही सांगितलं. घर रिकामं करताना देवाच्या सामानात लाल कापडात बांधलेला तो बस्ता सापडला, वर श्री लिहिलेलं होतं, मी पोथी समजले आणि होता तसा महादेव घाटावर नदीत सोडला. श्री लिहिलेला कागद आपण रद्दीत घालत नाही. ती म्हणाली, "कोई बात नहीं आत्या, आपको क्या पता था." तिच्या त्या बोलण्यानं मला रात्रभर कसंतरी झालं. म्हणून आज पूजा आटोपल्यावर हिशेबाच्या वहीची मागची पानं काढून बसले आहे.

बूढ़ापारा मोहल्ल्यातलं आपलं स्वयंपाकघर मला आधी आठवतं. नारळी पौर्णिमा आहे. मी आठ-नऊ वर्षांची. तुम्ही मालगोदामातून लवकर आला आहात, अंघोळ करून सोवळं नेसून चुलीपुढच्या जागेत पितळेची मोठी परात मांडता, तिच्यात पाणी ओतता आणि मीठ टाकता, चांगलं मूठभर. हातानं ढवळून एक थेंब जिभेवर ठेवता. मग मला चाखायला सांगता. "झाला का खारा?" मी तोंड वाकडं करते. "मंग झाला समुद्र," तुम्ही म्हणता आणि त्या पाण्यात नारळ सोडता. तो परातीच्या काठाला लागून हळूच गोल फिरतो. तुमच्या वडिलांनी हे केलं, त्यांच्या वडिलांनी केलं, आणि जवळचा समुद्र कुठं आहे हे त्यांतल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं. आई पाटावरून बोलते, "मूठभर मीठ गेलं पाण्यात. खलाशाचं खानदान म्हणे, अन् पोहता एकालेही येत नाही." शेजारची बाई दारातून डोकावून विचारते, "का भैया, तुंहर घर समुंदर आ गे का?" आणि तुम्ही हात जोडलेलेच ठेवून म्हणता, "हव बहिनी, आ गे हे. गोड़ धो ले." पाय धुऊन घे, म्हणजे. आई हसू दाबते. संध्याकाळी नारळीभात होतो, आणि ते खारं पाणी आई फेकत नाही, फरशी पुसायला घेते. काटकसर मी तिच्याकडून घेतली. देवधर्म तुमच्याकडून.

आणि गाठही तुमच्याकडूनच. आपल्या घरात पाळण्याची दोरी, कपडे वाळवायची दोरी, बिस्तरा, सगळं एकाच तऱ्हेनं बांधलं जायचं. भिजली तरी न सरकणारी गाठ. गलबतावरचा मुख्य खलाशी तो तांडेल, आणि आपला मूळ पुरुष तांडेल होता, त्याच्याकडून ही गाठ आली, असं तुम्ही सांगायचात. समुद्र सुटला, तो नागपूरच्या फौजेबरोबर चाकरीला लागला, त्याचे पोरगे इकडे छत्तीसगडात आले, सोबत आलं ते मीठ आणि ही गाठ. एकदा मला शाळेत जायची घाई होती आणि दप्तराची दोरी सुटेना. मी विळीवर ती कापली. तुम्ही मारलं नाहीत, पण आवाज चढला. "काहून कापली? गाठ कापाची नसते. कापली तर मोकळी होते, समजत नाही." त्या रविवारी अंगणात तुम्ही आम्हा दोघांना दोरीचे तुकडे दिलेत. भावाच्या हाती ती काही येईना, तो ओढतच राहिला. तुम्ही म्हणालात, "ओढशीन तितकी आवळीन ते. उलटी ढकल. दोरी आपल्याकडून नाही, तिच्याकडे सरकव." मला तिसऱ्यांदा जमली. तुम्ही आईला हाक मारलीत, "पाह्य वं, पोट्टीनं गाठ घेतली." मॅट्रिक पास झाले तेव्हाही तुम्ही इतक्या जोरानं हाक मारली नव्हती.

निवृत्तीनंतर तुम्ही तो बस्ता उघडलात. आत मोडीतले पिवळे कागद. ते वाचणारे एक म्हातारे मास्तर तुम्हाला गावात सापडले, त्यांच्याकडे तुम्ही वर्षभर सायकलीनं जात राहिलात. मास्तर गेले, त्याच्या आधी सगळे कागद वाचून झाले होते. मग तुम्ही किनाऱ्याकडे पत्रं पाठवू लागलात. देवळांना, गावच्या पाटलाला, त्र्यंबकच्या उपाध्यायांना. उत्तरं यायची ती एकाच चालीची. तुमच्या आडनावाची आमच्याकडे साठ घरं आहेत, त्यातलं कोणतं? तांडेलाचं नाव कळवलंत, तर त्या नावाचेही चार तांडेल निघाले. माझे यजमान गंमत करायचे, "बाबूजी, इतकं कॉमन नाव ठेवाचं होतं काहून तुमच्या पूर्वजांनी?" तुम्हीही हसायचात. पण पोस्टमनच्या सायकलीची घंटी वाजली की पहिले तुम्हीच दारात. आई तोवर गेली होती. भाऊ नागपूरला. तुमचं तेवढंच राहिलं होतं.

मग छत्तीसगडचं नवं राज्य झालं. भोपाळहून साहेब लोक आले, घरांना एकाएकी भाव आला, आणि घरमालकानं गोड बोलून तुम्हाला घर रिकामं करायला सांगितलं. त्याच महिन्यात तुमचा ताप सुरू झाला. मी तुम्हाला चौबे कॉलोनीत माझ्याकडे आणलं आणि बूढ़ापाऱ्यातलं घर एकटीनं आवरलं. भावाला सुट्टी मिळाली नाही. आईचे देव, तिच्या जपमाळा, फाटक्या पोथ्या, सुकलेली तुळस, सगळं एका टोपलीत घालून मी ऑटोनं महादेव घाटावर गेले. टोपलीत तो बस्ताही होता. मी नदीला हात जोडले आणि सगळं पाण्यात सोडलं. कागद लगेच बुडत नाहीत, बाबा. थोडा वेळ वर राहतात.

आणि दहा-बारा दिवसांनी पत्र आलं. किनाऱ्यावरच्या एका गावच्या गुरवाचं. तुम्हाला उशीला टेकवून बसवलं आणि मी वाचून दाखवलं. त्याच्या देवळाच्या जुन्या वहीत त्या नावाच्या एका तांडेलाची नोंद होती, फौजेबरोबर परमुलखात गेला, परत आला नाही, नारळी पौर्णिमेचा त्याचा मान पडून आहे. तुमच्या कागदात तांडेलाच्या बापाचं आणि गलबताचं नाव असेल तर कळवा, दोन्ही जुळली तर तुम्हीच ते. तुमचे डोळे किती दिवसांनी उघडले होते. "बापाचं नाव मास्तरांनी वाचलं होतं," तुम्ही कपाळ चोळत म्हणालात, "ओठावर हाय, येऊन नाही राहिलं. बस्ता काढ." मी म्हटलं, पेटीत आहे बाबा, अगदी खाली आहे, उद्या काढते. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "काढला का?" मी म्हटलं, यजमान आले की पेटी उतरवून घेते. तिसऱ्या दिवशी तुम्ही विचारलं नाहीत, माझ्याकडे नुसतं पाहिलंत, आणि मी दूध तापवायला आत गेले. चौथ्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात. गुरवाला मी उत्तर पाठवलं नाही. काय लिहिणार होते? त्याच्या वहीत तो माणूस अजून परत आलेला नाही.

तुम्हाला खरं कळलं होतं का, हा विचार माझा इतक्या वर्षांत सुटला नाही. देवापुढे बसले की तिसऱ्या दिवसाची तुमची नजर येते. पितृपक्षात पान वाढताना येते. भावाला मी श्रीची गोष्ट सांगितली, त्यानं मान डोलावली, म्हणाला, "जाऊ दे, बाबांसोबत गेलं ते." यजमानांनाही तीच. दर वेळी सांगताना ती अधिकाधिक खरी होत गेली. देवाचं नाव पुढे केलं की कुणी पुढचं विचारत नाही.

काल भाचीनं पडद्यावर एक झाड काढलेलं दाखवलं. वर तांडेल, मग प्रश्नचिन्हं, मग तुम्ही. तुमच्या शेजारी आई, तिच्या माहेरच्या नावासकट. खाली भाऊ आणि मी, माझ्याखाली माझी दोन्ही मुलं. "देखो, आप भी हो," ती म्हणाली. "और ये मैं." जायच्या आधी तिनं देवाला नमस्कार केला आणि देवांच्या खाली अंथरलेल्या लाल कापडाला बोट लावून विचारलं, "ये कितना पुराना है आत्या? कितना मोटा कपड़ा है, अब ऐसा मिलता नहीं." मी म्हटलं, माझ्या बाबांचं आहे. ती पायऱ्या उतरून गेली. दारात उभी राहून मी ऐकत होते, ती वळून वर येते की काय.

ही पानं वहीतच राहतील. वहीत मी खोटं कधी लिहिलेलं नाही, म्हणून इथं लिहिते. ते कापड बस्त्याचं आहे, बाबा. चांगलं धडधाकट कापड पाण्यात घालवणं माझ्या जिवावर आलं, आणि ते काढायचं तर बस्ता सोडावा लागतो. रिकाम्या घराच्या फरशीवर बसून मी तो सोडला. सगळ्यात वर तुमच्या अक्षरातली वंशावळ होती, शाईनं, ओळीनं, तांडेलापासून तुमच्यापर्यंत. तुमच्याखाली एकच रेघ, भावाची. आणि भावाच्या नावाखाली, घरात ही पोर रांगत असताना, तुम्ही नातवासाठी एक जागा रिकामी ठेवली होती. आईचं नाव कुठंच नव्हतं. माझं मी फार शोधलं नाही. कापडाची घडी करून बाजूला ठेवली आणि कागद आईच्या पोथ्यांमध्ये घातले. ती पोथी नव्हे हे मला माहीत होतं. वर श्री होतं, तेवढं मात्र खरं.

घाईत झालं, असंही म्हणता येत नाही. तुमची गाठ होती. मी ती कापली नाही, तुम्ही शिकवलं तसं उलटी ढकलत सोडवली. दोरी जुनी, कडक झालेली. बराच वेळ लागला.