हिराआत्याच्या बॅनरची फुलं

सोम., १२ जाने.
बॅनर डिझाइनच्या कामासाठी ब्राउझरमध्ये नवं बटण बसवलं. वेबसाइट उघडायची, बटण दाबायचं. त्या पानावरची सगळी चित्रं, रंग, अक्षरांचे नमुने आपोआप फोल्डरमध्ये. एकेक चित्र सेव्ह करत बसायची कटकट संपली. पान धड बघावंही लागत नाही. दुपारपर्यंत सहाशे चित्रं गोळा. मिलिंद म्हणाला, "भंगारवाला तरी एवढं उचलत नाही." नवरे असंच बोलतात. मी खूश आहे.

बुध., १४ जाने.
तळवलीचा नीलेश आला, तिळगूळ आणि ऑर्डर घेऊन. २४ला त्याची हळद, नाक्यावर मोठा बॅनर हवा. नातेवाइकांचे पंचवीस फोटो, ते नेहमीचंच. पण सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठा फोटो हिराआत्याचा. आई लहानपणीच गेली, या आत्यानेच त्याला वाढवलं. तिचे यजमान गेल्या वर्षी वारले. तेव्हापासून ती कुणाच्या हळदीला जात नाही. विधवेने हळद लावू नये, हे डोक्यात पक्कं. नीलेश महिनाभर मागे लागला होता. "आता कुठं हो बोललीय, ताई. पहिली हळद तीच लावणार. ते बॅनरवर लिवाच, म्हंजे फिरायची नाय."
हुशार आहे.

शुक्र., १६
चाळीस मिनिटांत बॅनर तयार. आत्याच्या फोटोभोवती फोल्डरमधली ४७ नंबरची चौकट टाकली. पिवळ्या फुलांची वेल, कोपऱ्यांत दिवे. हळदीसाठीच काढलीय असं वाटावं. नीलेशने तीन अंगठे पाठवले.

सोम., १९
सकाळी बॅनर लागला. अकराला नीलेशचा फोन, आवाज एकदम खाली. आत्या भाजीला निघाली होती. नाक्यावर मान वर करून बघितलं आणि तशीच घरी परतली. एवढंच म्हणाली, "ही फुला यांचे बॅनरची हायेत." यजमानांच्या श्रद्धांजलीच्या बॅनरला हीच चौकट होती. त्याच नाक्यावर. नीलेशच्या लक्षात आलं नव्हतं, मग माझ्या कुठून येणार? असं स्वतःला सांगून बघितलं. बरं वाटलं नाही.
बॅनर दुपारी उतरवला. आत्या म्हणते, हळदीच्या दिवशी मी मागच्या खोलीत बसेन.

मंगळ., २०
प्रत्येक चित्र कुठल्या पानावरून आलं, तेही बटण लिहून ठेवतं. ४७चं बघितलं. घणसोलीकडच्या एका बॅनरवाल्याचं नमुन्यांचं पान. त्या दिवशी वरचे वाढदिवस, साखरपुडे दिसले आणि मी बटण दाबलं होतं. आज खाली सरकवत गेले. अगदी शेवटी 'भावपूर्ण श्रद्धांजली'. तीच वेल, तेच दिवे, आणि आत आत्याचे यजमान; खाली नाव आणि 'तळवली'. चौकट आणि फोटो वेगवेगळ्या फायली, त्यामुळे माझ्याकडे नुसती चौकट. फोटोही त्या सहाशेत कुठेतरी पडला असेल, मी बघितलाच नाही. शिवाय चौकट न विचारता घेतलेली, ते वेगळंच. फार लाज वाटली.

बुध., २१
नीलेश म्हणत होता, "छापणाऱ्या प्रेसवाल्याची चूक बोला ना, मिटून जाईल." नको वाटलं. तळवलीला गेले. आत्या ओट्यावर वाल सोलत होती. खरं तेच सांगितलं : पान न बघता उचललं, चूक माझी. ती रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "ते पान हाय का आता?"
मोबाइलवर दाखवलं. बराच वेळ बघत बसली. "यो फोटू मोरा बंदराचे धक्क्यावरचा. वारा व्हता. मीच बोल्ली, केस सारखे करा."
हळदीचं विचारलं. "बगू," म्हणाली आणि वाल पुढे ओढले.
दारात झेंडू फुललाय. त्याचा फोटो घेऊ का, असं विचारलं. "घे की." निघताना मूठभर वाल दिले.

गुरु., २२
झेंडू हाताने काढला. चार कागद वाया गेल्यावर जमला. किती दिवसांनी पेन्सिल धरली. दिवे काढलेच नाहीत.
आत्याचा फोटो ठेवायचा का? नीलेश म्हणतो, ठेवाच. ठेवला. 'पहिली हळद' ही ओळ मात्र मी काढून टाकली. नीलेश कुरकुरला. म्हटलं, तिला बॅनरवर लिहून बांधून घालायचं नाही.
घणसोलीच्या त्या बॅनरवाल्यालाही फोन करून चौकट घेतल्याचं सांगितलं. तो हसला. "सगळेच घेतात, ताई. तुमी सांगितलंत तरी."
बटण ठेवलंय. आता आधी पान शेवटपर्यंत बघते.

शुक्र., २३
नवा बॅनर लागला. आत्या नाक्यापर्यंत जाऊन बघून आली. नीलेशला म्हणाली, "फुला आपले दारची हायेत." तो मला विचारतो, म्हणजे काय समजायचं? मला काय माहीत.

शनि., २४, संध्याकाळ
मलाही बोलावलं होतं. गेले नाही, धीर झाला नाही. साडेसातला नीलेशने फोटो पाठवला. मांडव, पाट, पाटापुढे हळदीची वाटी. पाटावर तो एकटाच. खाली लिहिलंय : 'आत्या अजून घरात हाय. सगळे बोलतात सुरू करा. मी बोललो थांबा.'
फोटो मोठा करून बघितला. वाटी काठोकाठ भरलेली, कुणी बोट लावलेलं नाही.