पाने-पेचकस वाहण्याची शास्त्रीय पद्धत

२८ डिसेंबर, रविवार. सकाळी.
थंडी कडक. जिनदासशेठ स्वतः घरी आले. धर्मशाळेचे विश्वस्त. सतरा जानेवारीपासून तिथे महोत्सव, बाहेरगावचे पाहुणे उतरणार. गच्चीवरचा सोलर बंद, खोल्यांतले निम्मे गिझर आजारी. म्हणाले, हिरालालभाऊ, बुढे मानसं येऊन राह्यले, थंड्या पाण्यानं आंघोळ कराले लावू काय त्याईले? या खेपेस टायमावर झालं नाही तर काम गजेंद्रले देतो, मंग मले बोल लावू नका.
म्हटले, शेठ, निश्चिंत राहा.
हे काम गेले तर दारावरचा ‘हिरालाल, हीटिंग इंजिनिअर’ बोर्ड उतरवून तिथे सुनेच्या शिवणकामाचा लावायचा, असे घरात ठरल्याचे कळते. कळते म्हणजे बायकोने, जिजाबाईने, तोंडावरच सांगितले. वय झालं म्हणे तुमचं. अडुसष्ट हे काय वय आहे?
शांतपणे विचार केला आणि खरे कारण सापडले. गेल्या वर्षी कामे रखडली ती माझ्यामुळे नव्हे, पेटीमुळे. लोखंडी पेटी उचलण्यातच माणसाची शक्ती संपते, विद्या वापरायला उरत नाही. संकल्प: आधी हत्यारे वाहण्याची योग्य पद्धत शोधणे. मग काम काय, दोन दिवसांचे.

२९ डिसेंबर
पेटीला निरोप द्यायला बसलो. गंज, ग्रीस, आठवणी. शाळेत गुरुजी आमच्याकडून टेबलावर ताल धरून भुजंगप्रयात म्हणवून घेत, ते दिवस डोळ्यांपुढे आले. एक ओळ आपसूक आली:
जुनी लोहपेटी, जुना मीहि आता
मात्रा बरोबर. दुसरी ओळ येईना. जेवणानंतरही येईना. अर्धवट कविता टाकून कामाला जाणे बरे नव्हे. काम उद्यावर.

३ जानेवारी
मोबाईलवरून मागवलेला टूल बेल्ट आला. परदेशातले सगळे इंजिनिअर हाच वापरतात. पाने, पेचकस, पकड, हातोडी, टेस्टर, सगळे कमरेला. आरशात पाहिले. सेनापती! जिजाबाई म्हणाली, पोळ्याच्या बैलावानी दिसून राह्यले, शिंगाले बेगड लावाचीच बाकी हाय.
गल्लीच्या तोंडाशी पँटने साथ सोडली. एका हातात पँट, दुसऱ्या हातात पट्टा. शिडी कोणत्या हाताने धरायची, याचा विचार कंपनीने केलेला नाही. वाटेत गजेंद्र भेटला. एके काळी माझ्याच हाताखाली होता, आता मिशा आल्या आणि गिऱ्हाइके आली. रंगाच्या रिकाम्या बादलीत हत्यारे कोंबून चालला होता. बादली! इंजिनिअर आणि बादली! म्हणतो, काका, पँट सांभाळा. उद्धट.
पट्टा परत पाठवला.

५ जानेवारी
नवी दृष्टी. चाक! माणसाने चाक शोधले ते कशासाठी? सून तनुजाची प्रवासाची चाकांची बॅग घेतली. ती म्हणाली, बाबा, ग्रीस नका लागू देऊ. लागले.
धर्मशाळेपर्यंत खडखडाट करत गेलो. काउंटरवर शेठचा मुलगा पियूष. मान वर न करता म्हणतो, किती जण, किती दिवस मुक्काम, आधार कार्ड द्या. मी म्हटले, मी गिझरवाला. तो म्हणाला, हो, पन खोली एसी पायजे की साधी?
गच्चीच्या शिडीपाशी आलो. संशोधनाअंती सिद्ध झाले की चाकांची बॅग शिडी चढत नाही. वर पाहिले. शिडी फार उंच करून ठेवली आहे या लोकांनी. पूर्वी इतकी नव्हती.
पियूषने लिंबू सरबत पाजले. दिवस अगदीच वाया गेला असे नाही.

८ जानेवारी
रात्री वडील स्वप्नात आले. खांद्यावर कावड, दोन्हीकडे टोपल्या, एकीत वांगी, एकीत मेथी. इंझोरीच्या मळ्यातून पहाटे निघायचे, तरी पाठ ताठ. उठलो तो उत्तर घेऊनच. समतोल! पेटीत नाही, पट्ट्यात नाही, तो कावडीत आहे.
बांबू, दोन तेलाचे डबे. एकात पाने, एकात पेचकस नि सुटे भाग. घरातून निघालो तेव्हा मन कसे हलके होते. खांदा नव्हता. चौकात पहिल्याच बाईने भाव विचारला. मग दुसरीने. चहावाला उदयसिंग ओरडला, काय काका, वांगे कसे देल्ले? म्हटले, पाने आहेत. म्हणतो, मंग पालक समजून एक जुडी द्या.
धर्मशाळेच्या दारात कावड आडवी अडकली. दार अरुंद आहे, यात माझा दोष नाही. शेठ वरून म्हणाले, हिरालालभाऊ, मले गरम पानी पायजे, भाजी नाही. उदयसिंगानेच कुणाला तरी फोन केला असणार, नाहीतर इतक्या लवकर हे विनोद पोचतात कसे?
संध्याकाळी जिजाबाईने खांद्याला शेक दिला. पेटीचं वजन नाही हो, म्हणे, गुडघ्याचं हाय. शिडीची भीती वाटते तर तसं बोला. स्त्रियांना तंत्रज्ञान समजत नाही.

११ जानेवारी
विश्रांती आणि चिंतन. साधे तेच सुंदर. कापडी पिशवी! खांद्याला अडकते, दोन्ही हात मोकळे, पँटला धोका नाही. एका लग्नात मिळालेल्या एकसारख्या दोन पिशव्या घरात होत्या, त्यातली एक ताब्यात घेतली.
आणखी सुधारणा: हत्यारांचा खणखणाट हा कारागिराच्या प्रतिष्ठेला कमीपणा. म्हणून प्रत्येक पाना वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल दोरा. दिवसभर हेच केले. किती देखणी पुडकी झाली! गुरुजी असते तर पाठ थोपटली असती.
संकल्प: संक्रांतीच्या शुभदिनी थेट गच्चीवर.

१४ जानेवारी, संक्रांत. संध्याकाळी.
घरात हळदीकुंकवाची गडबड. दारात चपला घालता घालता आत ओरडून सांगितले, पाने ठेवलेली पिशवी दे. जिजाबाईने पिशवी दिली. निघालो.
आज मी शिडी चढलो. हे नोंदवून ठेवतो. सावकाश, पण चढलो. वर वारा, ऊन, पतंग, आणि सोलरची टाकी माझी वाट पाहात उभी. पिशवी उघडली. आत विड्याची पाने. खाली सुपाऱ्या, तिळगूळ, आणि सुनेने वाणासाठी आणलेले स्टीलचे चमचे, कागदात गुंडाळलेले. लाल दोरा तिनेही बांधला होता. या घरात स्वतंत्र कल्पना म्हणून राहिलेली नाही.
खालून शेठ विचारत होते, झालं काय हो? चमच्याने नट फिरवून पाहिला. फिरत नाही. उतरलो. उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.
जिजाबाईला जाब विचारला. ती म्हणते, संक्रांतीच्या दिवशी बाईजवळ पान मागितलं तर ती काय लोखंड देईन? तुमचं कामच शेठजीचं, मले वाटलं त्याइच्या घरी पान-सुपारी नेऊन राह्यले. ठीक. मग माझी पिशवी कुठे?
तिने सुनेकडे पाहिले. सुनेने छताकडे.
वाण लुटले गेले होते. गल्लीतल्या सगळ्या बायकांना हळदीकुंकू लावून, तिळगूळ म्हणून साखर देऊन, एकेक पुडके. कुणी तिथे उघडून पाहिले नाही. दिलेले वाण जागेवर उघडत नाहीत म्हणे.

१५ जानेवारी
शेजारच्या रुखमाबाई आल्या. आनंदात. म्हणाल्या, तनुजा, दरसाली मेल्या चाळण्या नि डबे देतेत लोक, यंदा तू कामाचं देल्लं व माय! आमच्या यायनं सकाळीच मोटार खोलली.
परत मागावे असे मनात आले. जिजाबाईने डोळे वटारले. वाण परत मागतेत काय कोनी, लाज हाय की नाही? पलीकडच्या घरातून, समोरच्या घरातून, ठोकाठोकीचे आवाज दिवसभर. माझे पाने सगळी गल्ली दुरुस्त करत आहेत.
एका अर्थी प्रश्न सुटला. वाहायला काही उरलेच नाही.
शेठचा फोन. घेतला नाही. मग घेतला. ते रागावलेही नाहीत, हे वाईट. म्हणाले, राहू द्या भाऊ, गजेंद्र चढला वर. तुमी सतराले जेवाले मात्र या, दिवस मावळायच्या आत.

१७ जानेवारी
जेवण चांगले. पाहुणे न्हाऊन आले होते, लखलखीत. एक आजोबा शेठना म्हणत होते, पानी लय मस्त. शेठने माझ्याकडे पाहिले नाही, हा त्यांचा मोठेपणा. गजेंद्रने दोन दिवसांत सगळे केले म्हणतात. त्यात विशेष काय? त्याच्याकडे हत्यारे होती.

१८ जानेवारी
बोर्ड उतरवला. तनुजा कचरत होती, मीच म्हटले, काढ. उन्हापावसाने रंग उडाला आहे, नवा रंग द्यायचा. तोवर तिचा राहू दे.

१९ जानेवारी
सकाळी घरचा गिझर बंद पडला. नेमका. म्हटले, कुणी हात लावू नका, आधी निदान करतो. जिजाबाई म्हणाली, निदान आंघोळ तरी होऊ द्या.
निदान केले. बहुधा कॉइल. किंवा थर्मोस्टॅट. किंवा लाइट. खोलून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि खोलायचा पाना रुखमाबाईंकडे. सर्वांनी थंड पाण्याने अंघोळ केली. मी केली नाही. मला विचार करायचा होता.

२० जानेवारी
मंदिरापर्यंत फेरी मारून परतलो तो न्हाणीतून वाफा. बादली भरलेली. तनुजा मशीनवर खाली मान घालून शिवत होती, मशीनमध्ये दोरा नव्हता.
विचारले, कोण आले होते?
जिजाबाई म्हणाली, गजेंद्रले मीच बोलावलं. तुमी निंगाल्यावर आला, तुमी यायच्या आंधी गेला. म्हणे, काकी, काकाले सांगू नका.
टॉवेल घेतला. आत गेलो. बराच वेळ तांब्यामागून तांब्या ओतत राहिलो.
तिने बाहेरून विचारले, कसं हाय वो पानी?
म्हटले, कोमट.
पाठ अजून चुरचुरते आहे.