टोपीचा निरोप

६ जानेवारी
स्वस्ति श्री. कुलूपकिल्लीकुलावतंस, धूलिप्रमार्जनधुरंधर, द्विकपाटचक्रचूडामणी, अखिलजीर्णवस्तुसूचीकार श्रीमान जयराम यांनी आज नाशिक रोड येथील एका खाजगी संग्रहालयात सूचीकारपदाचा भार सानंद ग्रहण केला. सिंहासन तीन पायांवर भक्कम आहे. संचालिका योगिनीताई मितभाषी, चहा उत्तम.

प्रथम नोंद: महायुद्धकालीन खलाशाची टोपी, एकेकाळी शुभ्र, संप्रति ताकाच्या रंगाची. काळ्या फितीवर आरमाराची आद्याक्षरे आहेत, जहाजाचे नाव नाही. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून ते युद्धकाळी गाळीत. चांदवडच्या नवसाबाईंनी आपले दिवंगत सासरे भिमाजी यांची ही ठेव कागदपत्रांसह दिली.

सायंकाळी सहाला कपाट लावताना टोपीला सविनय ‘येतो’ म्हणालो. ‘जातो’ हे क्रियापद आमच्या घराण्यात केवळ प्रेतांसाठी राखीव आहे.

९ जानेवारी
सोबतच्या कागदपत्रांवरून जहाजाचा सेवावृत्तान्त सिद्ध झाला. नाव ‘दारणा’; समुद्रातले सुरुंग काढणे हे कार्य. १९४२ पासून बंगालच्या उपसागरात व्यापारी ताफ्यांची सोबत. दोन वादळे, एक विमानहल्ला, पदके शून्य. बंदर-कचेरीच्या अखेरच्या पत्रानुसार, सुटीवर गेलेल्या एका खलाशासाठी कप्तानाने तासभर नांगर उचलला नाही. तेवढ्यात ताफा पुढे गेला. मागे एकटी पडलेली ‘दारणा’ शत्रूच्या पाणतीराने, म्हणजे टॉर्पेडोने, बुडाली. कोणी वाचले नाही. तो खलाशी भिमाजी.

टोपीखाली बोटभर पाणी साचले होते. शास्त्रीय जिज्ञासेने चाखले. खारट.

१२ जानेवारी
योगिनीताईंच्या मते गच्ची गळते. जानेवारीत गळणाऱ्या गच्चीस माझे वंदन. पाणी पुसले, नित्याप्रमाणे ‘येतो’ म्हणून निघालो. मागून कोणीतरी सुटकेचा निःश्वास सोडला असे वाटले. एकाने नव्हे, अनेकांनी.

१५ जानेवारी
नवसाबाई तिळगूळ घेऊन टोपी पाहावयास आल्या. मी माझा शिष्टाचार कौतुकाने सांगितला. त्यांनी मला मध्येच थांबवले.

“त्या टोपीला येतो नका म्हनू, साहेब. सरळ जातो म्हना. ती मानसं लय वाट पाहत्यात.”

सुटीवर निघताना भिमाजी सोबत्यांना ‘येतो’ म्हणाले होते, एवढेच. पुढे ते जन्मभर शेतावर निघतानाही ‘जातो’ म्हणत; घरचे चिडत. म्हातारपणी एकदा नातवाला चुकून ‘येतो’ म्हणाले. तिसऱ्या दिवशी कोरड्या खाटेवर गेले, आणि तोंडातून खारे पाणी वाहत होते.

मी म्हणून झालो आहे, त्याचे काय, असे विचारले. त्यांनी टोपीला हात जोडले. माझ्याकडे पाहिले नाही.

१६ जानेवारी
सहा वाजता कुलपरंपरा बाजूस सारून कपाटासमोर उभा राहिलो. ‘जातो’ म्हणण्यासाठी तोंड उघडले. स्वर माझाच होता. शब्द — येतो.

१७ जानेवारी
सुटीचा अर्ज लिहिला. अखेरीस ‘सोमवारी येतो’ असे उमटले. खोडले. पुन्हा तेच. आता कळते, भिमाजींनीही सुटीच —

१८ जानेवारी
घरी आहे. दारापासून खाटेपर्यंत ओली पावले, दोन रांगांत. मधली एक जागा कोरडी. ती कोणासाठी, हे विचारण्याइतका मी अज्ञ —

खोकला. खारट.

जातो. जातो लिहितो आहे, हात मात्र ये — ये —

शाई पानभर पसरते आहे. टीपकागदाची मागणी आठवड्यापूर्वीच केली होती, योगिनीताईंनी अद्याप —