पिवळ्या चिठ्ठीची बरणी

दि. १२ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गुडघ्याचा पट्टा पायाला न लावता खुंटीला लावून ठेवतेस हे वाचून हसू आलं. जन्मभर रोग्यांना दटावलंस, आता तुला कोण दटावणार? मीच आले असते, पण सध्या मान वर करायला फुरसत नाही. आमच्या वैद्यक परिषदेच्या मासिकाला शंभर वर्षं होताहेत आणि त्याचा इतिहास लिहायचं काम संपादकांनी माझ्या गळ्यात घातलंय. डॉक्टरकी सोडून कागदांत शिरलीस, आता भोग, असं तू म्हणशीलच. दिवसभर तळघरात असते. जुन्या अंकांना हात लावला की कडा तुटून हातात येतात आणि शिंकांनी जीव मेटाकुटीला येतो.

काल मात्र शिंकायचंही विसरले. बावन्न वर्षांपूर्वीच्या एका अंकात तुझ्या मोठ्या डॉक्टरांचा लेख सापडला. क्षयाच्या रुग्णालयातले तुझे साहेब, ज्यांचा फोटो तुझ्या खोलीत आहे, तेच. साठ बायकांवरचा अभ्यास. तिसांना नवं औषध दिलं आणि तिसांना हुबेहूब तशीच दिसणारी खडूची गोळी. औषधाने गुण येतो हे आधीच सिद्ध झालंय, असं ते स्वतः पहिल्याच परिच्छेदात लिहितात. कोठारात साठही जणींना पुरेल इतका साठा होता, हेही लिहितात. औषधावाचून रोग कसकसा वाढत जातो ते त्यांना बघायचं होतं. बायकांना काहीच सांगितलं नव्हतं. खडू घेणाऱ्या तिसांपैकी अकरा जणी गेल्या.

हे सगळं किती स्वच्छ, नीटनेटक्या भाषेत लिहिलंय! शेवटी आभार मानलेत, ‘एकही चूक न करता गोळ्या वाटणाऱ्या शिकाऊ परिचारिकेचे’. नाव नाही. त्या वॉर्डात तेव्हा कोण होती, आठवतं का तुला? हयात असेल तर मला तिला भेटायचंय.

माया आहे तशीच असू दे.
तुझी,
खारूताई


दि. १८ जून

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

ती परिचारिका मी.

एवढं लिहिलं आणि काल पेन खाली ठेवलं. आज पुन्हा घेतलंय.

गाडीवर दोन बरण्या असायच्या, एकीवर हिरवी चिठ्ठी आणि एकीवर पिवळी. खाटेला ज्या रंगाचा कागद, त्या बरणीतली गोळी. औषध एकच आहे, दोन कारखान्यांतलं, कुठलं जास्त मानवतं ते साहेबांना पाहायचंय, असं मला सांगितलं होतं. मी एकोणीस वर्षांची होते. एवढं मोठं काम माझ्यावर सोपवलं म्हणून पाय जमिनीवर नव्हते. गोळी जिभेवर ठेवायची, पाणी पाजायचं, मग तोंड उघडायला लावून जीभ वर करून बघायची. एकीनेही कधी गोळी थुंकली नाही.

अकरा नंबरच्या खाटेवर एक शिवणकाम करणारी होती. घरी पाच वर्षांची मुलगी. पडल्या पडल्या साऱ्या वॉर्डाची बटणं लावून द्यायची. तिसऱ्या महिन्यात तिने माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, की हिरव्या कागदाच्या बायका अंगाने भरायला लागल्यात आणि पिवळ्यांचे गाऊन तिला दर आठवड्याला आत घ्यावे लागतात, तर तिला हिरव्या बरणीतली द्यावी. मी तिला झापलं. डॉक्टर काय उगाच शिकलेत का, तू आपली सुई सांभाळ, असं म्हटलं. ती ओशाळून हसली आणि चुकलं म्हणाली. पाच आठवड्यांनी तिचे डोळे मीच मिटले.

फोटो भिंतीवरून काढला. अकरा नंबर लेखातल्या खडू घेणाऱ्या बायकांत आहे का, ते कळव. मला जपायला म्हणून खोटं लिहू नकोस.

तुझी,
आत्या


दि. २५ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आहे. ‘क्र. ११ : स्त्री, वय २८, शिवणकाम, पिवळा गट. एकशे चौदाव्या दिवशी मृत्यू.’ खोटं लिहू नकोस म्हणालीस म्हणून जसं आहे तसं उतरवलं.

पुढचं त्याहून वाईट आहे. न छापलेल्या पत्रांच्या फायलीत तुमच्या वॉर्डच्या धाकट्या डॉक्टरचं पत्र मिळालं. पिवळ्या गटाला आजच्या आज औषध द्या, हा अधिकार आपल्याला कुणी दिला, असं त्याने मासिकाला विचारलंय. तारीख मोजून बघितली. अभ्यासाचा दुसराच महिना चालू होता. तुझी अकरा नंबर तेव्हा जिवंत होती, आत्या. अकराच्या अकरा जिवंत होत्या. पत्रावर त्या वेळच्या संपादकांनी लाल पेन्सिलीने लिहिलंय : ‘छापू नये. व्यवसायाच्या अब्रूचा प्रश्न.’

मी सगळं घेऊन आमच्या संपादकांकडे गेले. ते मोठ्या डॉक्टरांचे विद्यार्थी, त्यांच्या नावाचं पारितोषिकही मिळवलेले. तो काळ वेगळा होता, तेव्हा असले नियम नव्हते, असं म्हणाले. मी त्याच वर्षाच्या पहिल्या अंकाचं पहिलं पान त्यांच्यापुढे ठेवलं. आमच्याच मासिकाने छापलेली आचारसंहिता, रोग्याला न सांगता त्याच्यावर प्रयोग करू नये, ठळक अक्षरांत. त्यांनी उठून दार लावलं. ‘एक महत्त्वाचा अभ्यास’ एवढं लिहून पुढे जा म्हणाले. बोलायला आता हयात तरी कोण आहे, असंही विचारलं.

राजीनामा लिहून ठेवलाय. तुझ्या उत्तराची वाट बघते.

तुझी,
खारूताई


दि. ३० जून

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

राजीनामा फाडून टाक. तू गेलीस की ते काम दुसऱ्या कुणाला देतील, ज्याला धुळीने शिंकही येत नाही.

हयात कोण म्हणून विचारतात ना? मी आहे. सोबत चार पानांचं निवेदन आहे, पूर्ण नावानिशी आणि परिचारिका म्हणून माझ्या नोंदणी क्रमांकासकट. त्यातला एक शब्दही मऊ करायचा नाही. मी लहान होते, अजाण होते, असं तर मुळीच घालू नकोस. एका बाईने डोळ्यांनी पाहिलेलं मला सांगितलं आणि ती शिंपीण म्हणून मी ते उडवून लावलं, हे तसंच छापा.

त्या धाकट्या डॉक्टरची एका सकाळी बदली झाली होती. माणूस भांडखोर आहे असं आमच्या कानावर घातलं गेलं आणि आम्ही सगळ्या जणी हसलो. मीही हसले.

अकरा नंबरच्या मुलीचा शोध घेतेय. छापून येण्याआधी तिला कळायला हवं.

तुझी,
आत्या


दि. २१ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

छापलं! तुझं निवेदन, त्या डॉक्टरचं पत्र लाल पेन्सिलीसकट आणि आचारसंहितेचं पान, सगळं एकापाठोपाठ. परिषदेच्या बैठकीत दोन ज्येष्ठ उठून निघून गेले. पारितोषिकाचं नाव बदलायचा ठराव बरोबरीत अडकलाय, पुढच्या बैठकीपर्यंत भिजत पडणार.

संपादकांचं सांगते. तुझं निवेदन त्यांनी उभ्या उभ्याच वाचलं. दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, की मोठ्या डॉक्टरांचा लेख ते विद्यार्थी असताना वाचून गेले होते, त्यावर टिपणंही काढली होती, आणि तेव्हा त्यांना काहीच वाटलं नव्हतं. आता त्याचीच भीती वाटते म्हणाले. मग फाईल माझ्याकडे सरकवून म्हणाले, छापा.

पत्रांचा पाऊस पडतोय, निम्म्या शिव्या. एका निवृत्त डॉक्टरांनी एवढंच विचारलंय, की तळघरात असे आणखी किती लेख आहेत. मला आजवर चार सापडलेत.

शिंपीणबाईंच्या मुलीचं काय झालं? त्याबद्दल तू अवाक्षर लिहिलेलं नाहीस.

तुझी,
खारूताई


दि. २ सप्टेंबर

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

लिहिलं नाही, कारण लिहवत नव्हतं. जुलैतच भेटले होते. शाळेचे गणवेश शिवायचं तिचं दुकान आहे, सहा यंत्रं, गळ्यात टेप. मी कोण ते सांगितलं, मग दोन बरण्यांचं सांगितलं. ती हाकलून देईल अशी तयारी ठेवूनच गेले होते.

तिने आधी सगळी यंत्रं थांबवायला लावली. मग विचारलं, की आई गोळ्या घेत होती का. मला प्रश्नच कळेना. तेव्हा ती म्हणाली, की आई गेली त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी तिच्या वडिलांना सांगितलं होतं, तुमची बायको गोळ्या नीट घेत नव्हती, फेकून देत असावी. वडील बावन्न वर्षं तेच धरून बसले. आईला माझ्यासाठी एवढंही जमलं नाही, हे मनात ठेवून ती मुलगी लहानाची मोठी झाली. आईचं नाव काढलं की त्या घरात भांडण व्हायचं.

खारूताई, बरण्यांचं कळलं तेव्हा मी हादरले होते. पण हे त्याच्याही वर होतं. मारलं ते मारलं, वर दोषही तिच्याच माथी!

मी तिला सांगितलं, की एकशे चौदा दिवस, दिवसातून दोनदा, मी स्वतः जिभेखाली बघितलंय. तिने एकही गोळी टाकली नाही.

ती उठून आत गेली. वडील आत खाटेवर असतात, नव्वदीला टेकलेत, कानांनी फार कमी ऐकू येतं. तिने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, की आई सगळ्या गोळ्या घेत होती. त्यांना कळेना. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा तिने एवढ्या मोठ्याने सांगितलं, की यंत्रांवरच्या बायका उठून दारात आल्या. तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि बायकोचं नाव घेऊन हाक मारली.

तुझी,
आत्या