चैत्रालीच्या डिग्रीला जाड प्लास्टिक

३ फेब्रुवारी, सोमवार
ठराव: उद्या तोंड उघडायचं नाही.
उद्या मिस गो येणार. विद्यापीठातली बाई. बाहेरदेशी शिकून आलेल्यांचं शिक्षण तपासून इथे मान्य करायची नवीन वेबसाइट निघतेय. ती लोकांना वापरता येते का, हे ही बाई घरोघरी बसून बघते. याला रिसर्च म्हणतात. आमच्या गल्लीत याला भोचकपणा म्हणायचे.
चैत्राली, माझी सून, मिरजेची फिजिओथेरपिस्ट. दोन वर्षं इथे सिंगापुरात, यिशुन भागातल्या फ्लॅटमध्ये बसून माझेच गुडघे वाकवतेय. पहिल्या बॅचमध्ये कागद पास झाले तर हॉस्पिटलात घेतील. मुदत १४ तारीख.
अमेयने, माझ्या लेकाने, बजावलं, आई, तू मध्ये बोलायचं नाहीस. मी कधी बोलते?

४ फेब्रुवारी, मंगळवार
बोलले. पण चूक मिस गोची. चैत्रालीला म्हणाली, स्क्रीन बघताना मनात येईल ते मोठ्याने बोल. चैत्राली ढिम्म. मग माझ्या मनात आलं ते मी बोलले. बटण केवढंसं, रंग आजारी, आणि आडनाव दोनदा कशाला? एकदा सांगून कळत नाही? अमेयला सगळं इंग्रजीत सांगावं लागलं. मिस गोने माझं दोन पानं लिहून घेतलं. चैत्रालीचं अर्धं.
जाताना विचारलं, पुढच्या वेळी ऑन्टी आतल्या खोलीत बसतील का? मान द्यायची इथली पद्धत असेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
साइटने डिग्रीचा फोटो परत पाठवला. चमक येते म्हणे. येणारच. लॅमिनेशन मी केलंय. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिची सगळी सर्टिफिकेटं नेली आणि स्टँडसमोरून जाड प्लास्टिक मारून आणली. माझ्या सातवीच्या दाखल्यालाही तेच आहे. अजून एक डाग नाही.
एवढी मोठी वेबसाइट, हिला प्लास्टिकमधून दिसत नाही? मला चष्म्याशिवाय दिसतं.

१० फेब्रुवारी, सोमवार
फोटो चालेना, म्हणून अमेय डिग्री घेऊन ती खरी असल्याचा शिक्का मारून घ्यायला ऑफिसात गेला. काउंटरवरचा म्हणाला, प्लास्टिकवर शिक्का नाही, कागद मोकळा करून आणा. घरी येऊन अमेय माझ्यावर. आई, तुला कोणी सांगितलं होतं? म्हटलं, कोणी सांगितलं नव्हतं, तरी केलं, याचं काही आहे की नाही?
चैत्रालीने कॉलेजात फोन लावला. दुसरी प्रत मिळते. सहा महिन्यांनी.
ठराव: हे मीच निस्तरणार. कोणाला विचारायचं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार, दुपारी ३
दोघं बाहेर. इस्त्री मंद, वर सुती पंचा. प्लास्टिक केळ्याच्या सालीसारखं सुटतंय. यासाठी सहा महिने!
३.१० पूर्ण निघालं.
३.११ सही पण निघाली. प्लास्टिकला चिकटून आली. चैत्रालीच्या नावातली चार अक्षरंसुद्धा.
३.२५ सही कापून डिंकाने परत बसवली. जरा तिरकी. साहेब लोक तिरकीच करतात.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
शिक्का मिळाला नाही. मुदत संपली. पुढची बॅच कधी, कोणालाच माहीत नाही.
दुपारी मिस गो आली, शेवटचे प्रश्न विचारायला. कोणी न सांगता मी आतल्या खोलीत गेले. दार किलकिलं. तिने विचारलं, सर्टिफिकेटचं काय झालं? माझं इंग्रजी सातवीचं. पण आयर्न म्हणजे इस्त्री आणि माय मिस्टेक म्हणजे कोणाची, एवढं कळतं. चैत्रालीने सांगितलं, प्लास्टिक तिने स्वतःच मारलं, इस्त्रीही स्वतःच फिरवली.
मिस गोने लिहून घेतलं.
दारापासून सोफा चार पावलं. इंग्रजी शब्दसुद्धा जुळवले होते. पण बाहेर गेले नाही.
मिस गो गेली. चैत्राली आत आली, रोजच्यासारखा माझा गुडघा मांडीवर घेतला. म्हणाली, आई, आज फारच शांत?
म्हटलं, ठराव केला होता.