चंद्रभागेसाठी बारा इंची लेन्स

वाघोली, पुणे
२६ नोव्हेंबर २००६

आदरणीय महिपतीदाजी यांस,

बाबुरावचा सविनय जयभीम. आनंदीअक्काच्या गुडघ्याला आता आराम पडला असेल, आणि डॉक्टरांनी सांगूनही तिने बोलणं कमी केलं नसेल, अशी खात्री बाळगतो. आपली शुगर, आपली गुलाबाची झाडं आणि वरच्या मजल्यावाल्याशी चाललेलं आपलं पाण्याचं भांडण, तिन्ही आटोक्यात असावीत. आमच्याकडे सर्व मजेत. (पुण्यात पत्राच्या पहिल्या परिच्छेदात असं लिहितात. पुढे ते खरं ठरेलच असं नाही.)

चंद्रभागा गेल्या मे महिन्यात महानगरपालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, हे आपल्याला कळवलंच होतं. त्यानंतरची हकीकत कळवायची राहिली. त्या शाळेच्या ऑफिसात आजवरच्या सगळ्या मुख्याध्यापकांचे फोटो ओळीने लावलेले आहेत. बहुतेक ओळखपत्रावरून मोठे केलेले, त्यामुळे सगळे सद्गृहस्थ नुकतीच अटक झाल्यासारखे दिसतात. हिचा फोटो तरी बरा असावा म्हणून शाळेतल्या बाया हिला मोठ्या कौतुकाने एका नव्या डिजिटल स्टुडिओत घेऊन गेल्या. काचेचे दरवाजे, एसी, बसायला लाल सोफा. फोटो दोन मिनिटांत निघाला आणि तिथल्या माणसाने कॉम्प्युटरवर, कुणाला न विचारता, हिला गोरी करून टाकली. थोडीथोडकी नाही हो, पिठाच्या डब्यात पडून वर आल्यासारखी. कपाळावरच्या आठ्या गेल्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली आणि त्यांच्यासोबत बाईही गेली. हिने तो फोटो चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला आणि विचारलं, "ह्या कोण?" तो म्हणाला, "मॅडम, थोडं टचअप केलंय. सगळ्यांना आवडतं." ही म्हणाली, "मी काय सणाला चुना लावायची भिंत आहे का?" आणि फोटो तिथेच ठेवून उठून आली.

घरी हे ऐकून मी पोट धरून हसलो. पण ही हसेना. जेवताना म्हणाली, "त्या ऑफिसात पोरांची नावं घालायला आयाबाया येतात. माझ्याच रंगाच्या असतात. त्यांना भिंतीवर मी दिसायला पाहिजे. ती कोण पांढरी बाई, ती नको." त्यावर मी बोलून गेलो की तुझा फोटो मी काढतो. दाजी, माणसाने तोंडात घास असताना वचन देऊ नये.

माझ्याकडे कॅमेरा आहे हे खरं. खडकीच्या फॅक्टरीत आमच्या ड्रॉइंग सेक्शनला मोठाल्या नकाशांचे फोटो काढायला एक पेटीएवढा कॅमेरा होता. नोकरीत माझा त्याच्यावर जीव जडला होता. त्याच जातीचा एक मला निवृत्तीनंतर जुन्या बाजारात सापडला आणि मी तो घरी आणला. (आणला त्या दिवशी काय झालं ते इथे लिहीत नाही. आनंदीअक्काला फोनवर दुसऱ्या बाजूने सविस्तर समजलेलं आहे.) याची फिल्म पोस्टकार्डाहून जरा लहान अशा सुट्या पानांची असते. एका पानावर एक फोटो. पुढे लेन्स, मागे घासलेली काच, मध्ये लोहाराच्या भात्यासारखा चामड्याचा भाता. डोक्यावर काळं कापड घ्यायचं आणि काचेवर पाहायचं. समोरचं सगळं तिथे उलटं दिसतं, पाय वर, डोकं खाली. चंद्रभागेचं म्हणणं, मला तसंही सगळं उलटंच दिसतं, त्यासाठी एवढं ओझं कशाला.

तर पहिला फोटो काढला. कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स सहा इंची होती (हे इंच लेन्सच्या आकाराचे नव्हेत, फोकसच्या अंतराचे). चेहरा काचभर यावा म्हणून मी कॅमेरा सरकवत सरकवत हिच्या इतक्या जवळ नेला की हिचा श्वास काचेवर बसायला लागला. न्हाणीघराला काळे पडदे लावून फिल्म धुतली, प्रिंट काढली. रंग खरा आला होता. आठ्या जागच्या जागी होत्या. पण नाक! आधी नाक येत होतं, मागाहून सावकाश चंद्रभागा येत होती, आणि कान तर पार नगरला राहिले होते. नोकरीभर मी नकाशांचे फोटो काढले, दाजी, नकाशांना नाक नसतं. माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. ही म्हणाली, "तो पिठात घालणारा परवडला." मग मात्र मला लेन्सचा नाद लागला.

आमच्या आम्रपालीच्या कंपनीत सलिल म्हणून एक मुलगा आहे. त्याचे काका यज्ञेश्वरराव यांचा नारायण पेठेत जुना फोटो स्टुडिओ होता. आता शटर अर्धं खाली ओढून आत पेपर वाचत बसतात. सलिलने चिठ्ठी दिली म्हणून गेलो. मी नाकाचा फोटो पुढे ठेवला. त्यांनी पाहिला आणि म्हणाले, "सौभाग्यवती का?" म्हटलं, हो. म्हणाले, "अजून बोलतात तुमच्याशी?" मी विचारलं की माणसाच्या फोटोला लेन्स कुठली घ्यावी. त्यांनी पेपर घडी केला (हा मोठा मान समजायचा) आणि सांगितलं की सहा इंची लेन्स घर, देऊळ, बंगला यासाठी. माणसाला दुप्पट हवी. बारा इंची घेतली की काच भरायला जवळ जावं लागत नाही, आपण लांब राहतो आणि नाक नाकाच्या जागी राहतं. "आणि बायकोपासून थोडं लांब राहिलेलं चेहऱ्याला बरंच असतं," असंही म्हणाले, पण ते लेन्सबद्दल नसावं.

घरी येऊन आम्रपालीला इंटरनेटवर पाहायला सांगितलं. तिथे जगभरची माणसं याच प्रश्नावर भांडताना सापडली. एक म्हणतो दहा इंची, एक म्हणतो चौदा, एक म्हणतो बारा इंचीच पण जर्मन, आणि एक नुसतंच म्हणतो की तुम्हा कुणाला अक्कल नाही. मला एकदम फॅक्टरीच्या कॅन्टीनमध्ये बसल्यासारखं वाटलं. सलिलही येऊन बसायचा. एकदा आला, दोनदा आला, मग तर दर शनिवारी 'काका, लेन्सचं कुठवर आलं?' म्हणून यायला लागला. आजच्या तरुण पिढीला जुन्या विद्येची एवढी ओढ पाहून माझा ऊर भरून आला. पुढे त्याला कंपनीने कामासाठी अमेरिकेला पाठवलं, तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्याकडून त्यानेच बारा इंची लेन्स घेतली आणि स्वतःच्या स्वेटरमध्ये गुंडाळून मांडीवर ठेवून आणली. केवढी लेन्स! पितळी, तांब्याएवढी. तिला शटर नाही, नुसती टोपी. टोपी काढायची, मनात आकडे मोजायचे, टोपी घालायची.

आता पुढची गंमत. हिला कमरेपर्यंत, खुर्चीत बसलेली, हात मांडीवर, असं घ्यायचं ठरलं. बारा इंची लेन्सने तेवढं मावायला मागे जावं लागतं. मी मागे गेलो. टीव्हीला पाठ लागली. टीव्ही हलवला, सोफा गॅलरीत काढला, आणखी मागे गेलो. शेवटी कॅमेरा दाराच्या उंबऱ्यात आला आणि मी काळं कापड पांघरून बाहेर जिन्यात. बिल्डरने फ्लॅट दाखवताना 'प्रशस्त हॉल' म्हटलं होतं, ते त्याने सहा इंची लेन्सने पाहून म्हटलं असावं. समोरच्या तुळजाबाई भाजी घेऊन वर आल्या, तर जिन्यात काळ्या कापडाखाली कुणीतरी वाकलेलं. त्या किंचाळल्या. मी आतून म्हणालो, "घाबरू नका, मी बाबुराव." त्या म्हणाल्या, "म्हणूनच घाबरले."

चंद्रभागा खिडकीच्या उजेडात बसली होती. निळी साडी, केस नेहमीसारखे घट्ट बांधलेले. तिच्या पाठीमागे स्वयंपाकघर, तिथे आम्रपाली आणि सलिल चहा करत होते. मी म्हटलं, आता अजिबात हलायचं नाही. ती म्हणाली, "प्रार्थनेला मी शाळा उभी केलीय, मला नका शिकवू." काचेवर ती मला उलटी दिसत होती. एवढा संसार झाला, पण मी हिच्याकडे इतका वेळ टक लावून कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे पाहिलं असतं तर तिने 'काय झालं' म्हणून विचारलं असतं. कापडाखाली मला कुणी विचारणार नव्हतं. मी गरजेपेक्षा जरा जास्तच फोकस केला. मग टोपी काढली.

तो फोटो उत्तम आला, पण मागचं स्वयंपाकघर फारच स्पष्ट येत होतं, कुकरसकट. म्हणून पुढच्या रविवारी सगळ्यांना पुन्हा त्याच जागी ठेवून, लेन्सचं तोंड पूर्ण उघडून, दुसरा काढला. यात फक्त चंद्रभागा स्पष्ट आहे, मागचं सगळं विरघळलेलं. रंग तिचा, आठ्या तिच्या, नाक तिचं. शिवाय गालातल्या गालात किंचित हसते आहे. (हे असं फक्त जुन्या पितळी लेन्सलाच जमतं, असं माझं मत झालं आहे.) तिने प्रिंट खिडकीशी नेऊन पाहिली. मग म्हणाली, "ही मी." आणि पदराने चष्मा पुसत बसली. फोटो शाळेत लागला. परवा ही सहज शाळेत गेली, तर नाव घालायला आलेल्या एका बाईने फोटोकडे आणि हिच्याकडे आळीपाळीने पाहून विचारलं, "तुम्हीच का हो त्या?" हे सांगताना चंद्रभागेने मला दोनदा चहा दिला.

बाकी क्षेम. आपल्या दोघांच्या तब्येतीची काळजी घ्यावी.

आपला,
बाबुराव

ता. क. यज्ञेश्वररावांना फोटो दाखवायला गेलो होतो. म्हणाले, छान आहे, पण जुन्या सहा इंचीनेच एवढं लांब उभं राहून मधला भाग मोठा केला असता तरी नाक असंच आलं असतं. मी विचारलं, "मग हे आधी का नाही सांगितलंत?" म्हणाले, "कुठली लेन्स घ्यावी हे तुम्ही विचारलंत. घ्यावी का, हे नाही विचारलंत." ही गोष्ट चंद्रभागेला सांगितलेली नाही. आपणही अक्काला सांगू नये.

ता. क. २. आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. (फोनवर सांगता आलं नसतं. आमचा प्रशस्त हॉल.) बारा इंचीने काढलेला पहिला फोटो मी बाजूला ठेवला तो कुकरमुळे नाही. मी मनात आकडे मोजत होतो तेवढा वेळ जे हललं ते फिल्मवर उमटलं नाही, जे स्थिर राहिलं ते उमटलं. प्रिंट काढली तर चंद्रभागेच्या खांद्यामागे आम्रपाली आणि सलिल, एकमेकांचा हात धरून, अगदी स्थिर. म्हणून दुसऱ्या वेळी लेन्स पूर्ण उघडली. आता मागे दोन धूसर आकार तेवढे आहेत, शाळेत सगळे त्यांना पडदे समजतात. माझी हरकत नाही. मुलगा गुणाचा आहे. पण ते नारायण पेठेतले, आपण खडकीच्या क्वार्टरमधून आलेले. चंद्रभागेने पूर्वीच बजावलं आहे की आमच्या पोरीने कुणाच्या घरात मान खाली घालून राहायचं नाही. तिच्याशी बोलायचा मला धीर होत नाही. ती फक्त आपलं ऐकते. तरी आपण येऊन हा विषय हळूच काढावा, ही कळकळीची विनंती.

ता. क. ३. पाकीट आणायला खाली गेलो तेवढ्यात चंद्रभागेने हे पत्र वाचलं. लेन्सबद्दल काय म्हणाली ते लिहीत नाही. पोरांचं तिला पहिल्याच रविवारी कळलं होतं. मी म्हटलं, तुझी तर पाठ होती! म्हणाली, "फळ्याकडे तोंड करून मागच्या बाकावर काय चाललंय ते कळल्याशिवाय मुख्याध्यापिका होत नाही कुणी." मग तेव्हाच का बोलली नाहीस, असं विचारलं. म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, हलू नकोस." आणि पुन्हा तशीच गालातल्या गालात हसली, समोर कुठलीही लेन्स नसताना. सलिलच्या घरचे मोठे म्हणून तिने यज्ञेश्वररावांना फोन करून, येत्या रविवारी पोरांचं बोलायला येतो म्हणून कळवलंसुद्धा. मान कुणी कुठे घालायची ते ती स्वतःच तिथे सांगणार आहे. तेव्हा दाजी, आपण अवश्य या. तिला समजवायला नको, तिथे माझ्या शेजारी बसायला.