रूथच्या कबरीतले बटाटे

कॉटनवुड बेंड, आयोवा
१८ मे १८८१

प्रिय डेल्फिया,

तुला नात झाल्याचं कळलं. थर्झाने त्या आनंदात ॲपल पाय केला आणि मला गोड सोसत नाही म्हणून अर्ध्याहून जास्त स्वतःच संपवला. बायकोपुढे पाद्र्याचंही काही चालत नाही.

सध्या मी गावाचा इतिहास लिहितोय. मी गुलामगिरीविरुद्ध बोलतो म्हणून ज्यांनी चर्चच्या काचा फोडल्या, तेच आता येऊन सांगतात, आमच्या तळघरात दहा पळालेले गुलाम लपवले होते, लिहून घ्या. त्यांच्या घराला तळघरच नाही. मी मान डोलावतो आणि एक अक्षर लिहीत नाही.

पण खोटेपणात मीही कमी नाही. तू पळून आलीस तेव्हा तुला पकडायला तुझा मालक माणसं घेऊन पुलावर बसला होता आणि आपण भरदुपारी अंत्ययात्रा काढली, आठवतं? पेटीत थर्झाचे बियाण्याचे बटाटे, आणि मागच्या गाडीत, हातमोजे घालून, काळ्या जाळीआड तू. आपणच मनाने रचलेल्या, मेलेल्या रूथची बहीण. पुलावर माझी प्रार्थना घशातच अडकली. तेव्हा तू असा हंबरडा फोडलास, की त्या मालकानेच हॅट काढून वाट दिली! त्याची माणसं दफनभूमीपर्यंत मागे आली, म्हणून बटाटे पुरावेच लागले. जमीन गोठलेली, खड्डा जेमतेम हातभर. मे महिन्यात रूथला कोंब फुटले आणि मला रोज पहाटे ते उपटावे लागले.

गावाच्या लेखी ती इथली पहिली कबर. विधवा मिसेस लॅथ्रॉप एकोणतीस वर्षं तिथे फुलं ठेवतेय. आता गावाने संगमरवरी दगड आणलाय. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी बसवायचा आहे. खरं सांगितलं तर म्हातारी दुखावेल, गाव मला खोटारडा म्हणेल. थर्झा मात्र म्हणते, "लोकांची तळघरं तपासता, मग स्वतःची कबर का नाही?"

निघताना तू बजावलं होतंस, "माझं नाव कुठेही लिहू नका." मी शब्द पाळला. त्या शब्दातून आज मला मोकळं कर, एवढ्यासाठी हे पत्र. दगड अजून कोरा आहे. त्यावर मला लिहायचंय, 'डेल्फिया इथून स्वतःच्या पायांनी पुढे गेली.' हो म्हण, आणि चार जुलैला ये. माझी प्रार्थना पुन्हा अडकली तर बाजूला तू हवीस. मिसेस लॅथ्रॉप फुलं घेऊन येईल. या खेपेस ती फुलं तुझ्या हातात पडू देत.

तुझाच भित्रा पाद्री,
एलिहू